विश्लेषण : मूत्रपिंडावरच्या इवल्याशा ग्रंथीचे मोल जगाला सांगणारे डॉ. थॉमस अ‍ॅडिसन कोण होते?

मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली, जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाची एक ग्रंथी. नाव अधिवृक्क, म्हणजेच अ‍ॅड्रेनल. माणसाला दोन मूत्रपिंडे, म्हणून या ग्रंथीही दोन. त्या कशासाठी आहेत, हे जवळपास तीनशे वर्षे कोणालाच सांगता आले नाही. १८५५ मध्ये लंडनच्या एका डॉक्टरने ११ रुग्णांच्या नोंदींचे छोटेसे पुस्तक काढले आणि या ग्रंथी बिघडल्या तर माणूस जगत नाही, हे जगाला सांगितले. आज या आजाराला त्या डॉक्टरचेच नाव आहे. मात्र डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांच्या हयातीत त्यांच्या अनेक सहव्यावसायिकांना हा आजार मान्य नव्हता. पुस्तकानंतर पाचच वर्षांत त्यांचा दुर्दैवी मृत्यू झाला. त्यांचे आयुष्य, त्यांचा शोध आणि तो आजही आपल्या कामाचा का आहे, हे समजून घेऊ.

अ‍ॅडिसन यांच्याआधी काय माहीत होते?

इटलीतील शरीररचनातज्ज्ञ बार्तोलोमेओ युस्टाची यांनी सोळाव्या शतकात, १५६०च्या दशकात, या ग्रंथींचे पहिले स्पष्ट वर्णन केले. मूत्रपिंडावर काहीतरी वेगळे आहे, इतके त्यातून कळले. काम काय, हे कळले नाही.

पुढची दीडशे वर्षे नुसते तर्क सुरू होते. १७१६ मध्ये फ्रान्समधील बोर्दो शहराच्या विज्ञान अकादमीने या ग्रंथींचा उपयोग काय, या प्रश्नावर चक्क निबंध स्पर्धा ठेवली. आलेले निबंध तपासण्याचे काम तरुण माँतेस्क्यू यांच्याकडे होते. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत सत्ताविभाजनाच्या तत्त्वासाठी आपण ज्यांचे नाव वाचतो, तेच हे माँतेस्क्यू. एकही उत्तर पटण्यासारखे नव्हते. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

कोणतीही नळी बाहेर न सोडणारा हा अवयव शरीराला काय देतो, हे उघड्या डोळ्यांना दिसणे शक्यच नव्हते. संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, ही कल्पनाच तेव्हा नव्हती. तो शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला.

अ‍ॅडिसन नेमके कोण?

थॉमस अ‍ॅडिसन यांचा जन्म १७९३ मध्ये उत्तर इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळच्या लाँग बेंटन गावात झाला. वडील जोसेफ किराणा आणि पिठाचा व्यापार करत. घराणे मूळचे कंबरलँडमधील लॅनरकॉस्टचे. शाळेत त्यांचे लॅटिन इतके पक्के झाले की पुढे वैद्यकीय व्याख्यानांची टिपणेही ते लॅटिनमध्येच घेत. मुलाने वकील व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाने मात्र १८१२ मध्ये एडिनबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला आणि १८१५ मध्ये एमडी पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय होता उपदंश, म्हणजे सिफिलिस, आणि त्यावरचा पाऱ्याचा उपचार.

त्यानंतर ते लंडनला आले. लॉक रुग्णालयात त्यांनी काम केले. पब्लिक डिस्पेन्सरीत थॉमस बेटमन यांच्या हाताखाली ते त्वचारोग शिकले. बेटमन हे त्या काळचे नामवंत त्वचारोगतज्ज्ञ. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण अ‍ॅडिसन यांच्या शोधाची पहिली खूण रुग्णाच्या कातडीवरच होती.

गाईज रुग्णालय इतके महत्त्वाचे का?

१८१७ मध्ये अ‍ॅडिसन लंडनच्या गाईज रुग्णालयात दाखल झाले तेही शिकाऊ म्हणून, शुल्क भरून. हातात एमडी पदवी असताना पुन्हा विद्यार्थी होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १८२४ मध्ये ते तिथे सहायक फिजिशियन झाले, १८२७ पासून औषधशास्त्र शिकवू लागले आणि १८३७ मध्ये पूर्ण फिजिशियन झाले. पुढची सगळी कारकीर्द त्यांनी याच रुग्णालयाला दिली.

त्या काळात गाईजमध्ये एकाच वेळी तीन मोठी माणसे होती. मूत्रपिंडाच्या आजाराला ज्यांचे नाव मिळाले ते रिचर्ड ब्राइट, लसिकाग्रंथींच्या आजाराला ज्यांचे नाव मिळाले ते थॉमस हॉजकिन आणि तिसरे अ‍ॅडिसन. तिघांची कामाची पद्धत सारखीच होती. रुग्ण जिवंत असताना लक्षणे बारकाईने टिपायची आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात कोणता अवयव बिघडला होता ते पाहून दोन्हींचा मेळ घालायचा.

आजच्या भाषेत हे डीबगिंगच होते. आधी बिघाडाची लक्षणे लिहून ठेवायची, मग यंत्र उघडून बिघाड शोधायचा. फरक इतकाच, की इथे यंत्र उघडेपर्यंत माणूस गेलेला असे.

अ‍ॅडिसन स्वभावाने लाजाळू होते, पण बाहेरून कडक आणि अबोल वाटत. विद्यार्थी त्यांना वचकून असत आणि तरीही त्यांच्या व्याख्यानांना गर्दी करत. खासगी प्रॅक्टिस वाढवण्यात त्यांना रस नव्हता. निदान नेमके होईपर्यंत मात्र ते रुग्णाला सोडत नसत. ब्राइट यांच्यासोबत त्यांनी १८३९ मध्ये वैद्यकशास्त्राचे पाठ्यपुस्तक काढले. त्याचा बहुतेक भाग अ‍ॅडिसन यांनीच लिहिला होता. त्यात आंत्रपुच्छाच्या सुजेचे, म्हणजे आपण ज्याला अपेंडिक्स म्हणतो त्या दुखण्याचे, स्पष्ट वर्णन आहे. ब्राइट यांना राणी व्हिक्टोरियाचे वैद्य म्हणून मान मिळाला. अ‍ॅडिसन यांच्या वाट्याला तसा दरबारी मान आला नाही.

शोध कसा लागला?

अ‍ॅडिसन शोधत होते वेगळेच काही. त्यांच्याकडे काही रुग्ण असे येत की रक्तस्राव नाही, कर्करोग नाही, इतर कोणताही मोठा आजार सापडत नाही, तरी माणूस पांढराफटक पडत जातो, थकतो आणि शेवटी दगावतो. या विचित्र रक्तक्षयाचे कारण त्यांना हवे होते. मार्च १८४९ मध्ये त्यांनी साउथ लंडन मेडिकल सोसायटीपुढे या विषयावर माहिती मांडली.

शवविच्छेदनात कारण शोधता शोधता काही रुग्णांच्या अधिवृक्क ग्रंथी बिघडलेल्या दिसल्या. सुरुवातीला दोन आजारांची गल्लत झाली होती. पुढे ते वेगळे निघाले. पहिला रक्तक्षय आज पर्निशियस अ‍ॅनिमिया म्हणून ओळखला जातो आणि तो ब-१२ जीवनसत्त्व शरीरात शोषले न गेल्याने होतो. दुसऱ्या प्रकारात रुग्णाचा रंग पांढरा पडत नव्हता, उलट काळवंडत होता. चेहरा, मान, हात, काखा, बेंबीभोवतीचा भाग धुरकट तपकिरी, काशासारख्या रंगाचा होई. त्वचारोगांचे शिक्षण घेतलेल्या डोळ्यांनी हा फरक टिपला.

१८५५च्या पुस्तकात काय होते?

अधिवृक्क ग्रंथींच्या आजाराचे शरीरावर होणारे परिणाम, हा पुस्तकाचा विषय. त्यात ११ रुग्णांच्या नोंदी आणि रंगीत चित्रे होती. अ‍ॅडिसन यांनी लक्षणांचा संच मांडला : कमालीचा थकवा, हृदयाचे क्षीण ठोके, पोटाच्या तक्रारी आणि त्वचेच्या रंगातील बदल. अशा अनेक रुग्णांच्या ग्रंथी क्षयरोगाने पोखरलेल्या होत्या. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवला. म्हणजे अ‍ॅडिसन यांना कारण दिसत होते, कारणामागचा जंतू नाही.

सगळे ११ रुग्ण एका साच्यातले नव्हते, हे लक्षात घ्यायला हवे. काहींच्या ग्रंथीत दुसरीकडचा कर्करोग पसरलेला होता आणि त्यांच्यात लक्षणांचे चित्र पूर्ण नव्हते. अ‍ॅडिसन यांनी अशा नोंदी वगळल्या नाहीत. पुढे टीकाकारांनी नेमके यावरच बोट ठेवले.

विरोध का झाला?

काम माहीत नसलेला, एवढासा अवयव बिघडल्याने माणूस मरतो, हे अनेकांना पटेना. एडिनबरातील नावाजलेले प्राध्यापक जॉन ह्यूज बेनेट यांनी असा स्वतंत्र आजार असल्याबद्दलच शंका घेतली. पॅरिसमध्ये मात्र उलट झाले. तिथले ज्येष्ठ वैद्य आर्मां त्रूसो यांनी या आजाराला अ‍ॅडिसन यांचे नाव दिले. स्वतःच्या देशाआधी मान्यता परक्या देशातून आली.

पुस्तक वाचून १८५६ मध्ये शार्ल ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. दोन्ही ग्रंथी काढल्यावर प्राणी लवकरच मेले. ग्रंथी जगण्यासाठी आवश्यक आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यावरही वाद झाला, कारण इतर संशोधकांच्या प्रयोगांत काही उंदीर ग्रंथी काढूनही जगले. उंदरांच्या शरीरात या ग्रंथीच्या ऊतीचे सुटे तुकडे इतरत्रही असू शकतात आणि तेच काम भागवतात, हे नंतर समजले. त्या वेळी मात्र या उंदरांमुळे अ‍ॅडिसन यांचे म्हणणे आणखी डळमळीत वाटू लागले.

अ‍ॅडिसन यांचा शेवट कसा झाला?

१८४७ मध्ये लॅनरकॉस्टच्या चर्चमध्ये त्यांचा विवाह एलिझाबेथ हॉक्सवेल यांच्याशी झाला होता. त्या विधवा होत्या आणि त्यांना पहिल्या विवाहातून दोन मुले होती. अ‍ॅडिसन यांना स्वतःचे अपत्य झाले नाही.

ते अनेक वर्षे नैराश्याने ग्रासलेले होते. १८६०च्या मार्च महिन्यात प्रकृतीच्या कारणाने काम सोडत असल्याचे पत्र त्यांनी विद्यार्थ्यांना लिहिले आणि ते समुद्रकिनारी ब्रायटनला राहायला गेले. त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी घरात माणसे नेमलेली होती. तरीही २९ जून १८६० रोजी त्यांनी जीवन संपवले. वय ६७ होते. लॅनरकॉस्टला त्यांचे दफन झाले. ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने त्यांच्या मृत्यूची नोंदही घेतली नाही.

गाईज रुग्णालयाने मात्र त्यांची आठवण जपली. रुग्णालयाचे मेणाच्या प्रतिकृती करणारे शिल्पकार जोसेफ टाउन यांनी त्यांचा अर्धपुतळा घडवला. त्यांचे विद्यार्थी सॅम्युअल विल्क्स यांनी पुढच्या काळात नवनवे रुग्ण नोंदवून आजाराचे खरे चित्र पक्के केले आणि शंका हळूहळू मावळल्या.

सूक्ष्मदर्शकाने काय दाखवले?

आजारी ग्रंथी अ‍ॅडिसन यांनी दाखवली. निरोगी ग्रंथी आतून कशी आहे, याचे काम त्याच काळात जर्मन भाषक देशांत सुरू होते. अल्बर्ट फॉन कॉलिकर यांनी १८५०च्या दशकात मांडले, की ग्रंथीची बाहेरची साल आणि आतला गाभा यांचे काम वेगवेगळे असले पाहिजे. साल म्हणजे कॉर्टेक्स, गाभा म्हणजे मेड्युला. १८६६ मध्ये युलियस आर्नोल्ड यांनी सालीतही तीन थर असल्याचे वर्णन केले. तीच नावे आजही वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवली जातात.

बाहेरून आत जाताना हे थर असे दिसतात. आवरणाला लागून पेशींचे छोटे गोल पुंजके. हा भाग शरीरातील मिठाचे प्रमाण सांभाळणारे अल्डोस्टेरॉन बनवतो. त्याखाली सरळ रांगांत उभ्या पेशी. इथे कॉर्टिसॉल तयार होते. या पेशींत चरबीचे थेंब ठासून भरलेले असतात. स्लाइड तयार करताना ते विरघळून जातात, म्हणून पेशी स्पंजासारख्या सच्छिद्र दिसतात. सर्वात आत जाळीसारखा विणलेला थर आणि त्यानंतर गाभा, जिथे अ‍ॅड्रेनालिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन बनते. पोटॅशियम डायक्रोमेटचे द्रावण लावले, की गाभ्याच्या पेशी तपकिरी होतात. त्यामुळे साल कुठे संपते आणि गाभा कुठे सुरू होतो, हे स्पष्ट कळते.

यात वटवाघूळ कुठे आले?

ही मांडणी फक्त माणसाची नाही. उडणारा एकमेव सस्तन प्राणी असलेल्या वटवाघळातही आवरण, साल आणि गाभा हाच क्रम सापडतो. बदलते ते प्रमाण. सस्तन प्राण्यांत कोणता थर किती जाड, हे प्रजाती, लिंग, वय आणि ऋतूनुसार वेगळे असू शकते. म्हणून प्राणिशास्त्रज्ञ एकाच जातीच्या वटवाघळांच्या ग्रंथींचे पातळ काप वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत तपासतात.

वटवाघूळच का? कारण त्याचे शरीर टोकाच्या परिस्थितीत चालते. थंड प्रदेशांतील अनेक जाती हिवाळाभर शीतनिद्रेत जातात, तेव्हा हृदयाचे ठोके आणि शरीराचे तापमान खूप खाली येते. जाग येताना तेच शरीर थोड्या वेळात पुन्हा तापते. भारतातील अनेक जाती वर्षातील ठरलेल्या काळातच प्रजनन करतात. ताण, ऊर्जा आणि प्रजनन या तिन्हींशी अधिवृक्क ग्रंथीचा संबंध असल्याने ऋतू बदलला की ग्रंथीत काय बदलते, हे इथे पाहता येते. महाराष्ट्राचा या क्षेत्राशी जुना संबंध आहे. नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी विसाव्या शतकात भारतीय वटवाघळांच्या प्रजननावर आणि गर्भविकासावर दीर्घकाळ संशोधन केले.

त्वचा काळवंडते ती का?

हे कोडे अ‍ॅडिसन यांना सुटले नव्हते. उत्तर मेंदूतील पीयूषिका ग्रंथीत आहे. घरातील गीझरचा थर्मोस्टॅट आठवा. पाणी थंड झाले की तो वीज सुरू करतो, गरम झाले की बंद करतो. तसेच रक्तातील कॉर्टिसॉल कमी झाले की पीयूषिका ‘एसीटीएच’ नावाचे संप्रेरक सोडून अधिवृक्क ग्रंथीला आदेश देते. ग्रंथीच नष्ट झाली असेल तर कॉर्टिसॉल वाढत नाही. पीयूषिका मात्र आदेश वाढवतच राहते. हे वाढलेले एसीटीएच आणि ज्या मूळ रेणूतून ते बनते त्याचे इतर तुकडे त्वचेतील रंगपेशींनाही चालना देतात. म्हणून रंग गडद होतो.

मीठ सांभाळणारे संप्रेरकही कमी पडल्याने सोडियम लघवीवाटे जाते, रक्तदाब घसरतो, उभे राहिल्यावर चक्कर येते आणि खारट खावेसे वाटते.

उपचार कधी मिळाले?

अ‍ॅडिसन यांच्यानंतर जवळपास ७० वर्षे हे निदान म्हणजे मृत्यूचीच खबर असे. १८९४ मध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब वाढतो हे दाखवले. १९०१ मध्ये जोकिची ताकामिने यांनी अ‍ॅड्रेनालिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पण हे गाभ्याचे रसायन होते. रुग्णाचा जीव अडकला होता सालीत. सालीचा उपयोगी अर्क १९३०च्या सुमारास तयार झाला. सालीच्या संप्रेरकांवरील कामासाठी केंडल, राइशस्टाइन आणि हेंच यांना १९५० मध्ये नोबेल मिळाले.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांना १९४७ मध्ये लंडनमध्ये याच आजाराचे निदान झाले होते. अ‍ॅडिसन यांच्या मृत्यूनंतर बरोबर १०० वर्षांनी, १९६०च्या निवडणुकीत, ती गोष्ट मतदारांपासून लपवण्यात आली. स्टिरॉइडच्या गोळ्यांमुळेच ते त्या पदापर्यंत पोहोचू शकले.

आपण काय लक्षात ठेवायचे?

श्रीमंत देशांत आज या आजाराचे मुख्य कारण क्षयरोग नसून शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर केलेला हल्ला हे आहे. भारतात मात्र टीबी हे कारण अजूनही संपलेले नाही. टीबी होऊन गेलेल्या माणसाला न जाणारा थकवा, वजनात घट, मळमळ, कमी रक्तदाब असा त्रास असेल तर डॉक्टरांना टीबीचा इतिहास जरूर सांगावा. सावळ्या त्वचेवर रंगातील बदल चटकन कळत नाही. हिरड्या, तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे आणि जुने व्रण पाहावेत. निदान रक्ततपासणीने होते आणि रोजच्या गोळ्यांवर रुग्ण नेहमीसारखे आयुष्य जगू शकतो. मात्र ताप, उलट्या, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी शरीराला जास्त मात्रा लागते. ती वेळेवर मिळाली नाही तर जीव धोक्यात येतो.

दुसरा मुद्दा खूप जास्त लोकांना लागू आहे. दमा, संधिवात, त्वचारोग यांसाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांची अधिवृक्क ग्रंथी बाहेरून पुरवठा होत असल्याने स्वतःचे काम मंद करते. अशा वेळी बरे वाटले म्हणून गोळी एकदम बंद केली, तर ग्रंथी तयार नसते आणि शरीर कोसळू शकते. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, टप्प्याटप्प्याने कमी करायची असते. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या आणि परस्पर थांबवलेल्या गोळ्यांमध्ये हाच धोका आहे.

(मानसिक ताण किंवा नैराश्य जाणवत असल्यास केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत संपर्क साधता येतो. मराठीतूनही बोलता येते.)